नसीमआपा सुटली

नसीमआपा गेल्या त्या दिवशी दापोडीच्या त्या गल्लीत मला जो तो एकच विचारत होता. "पोटाचंच का?"

रेल्वेच्या भिंतीलगतच्या पानवाल्यानं विचारलं, पिठाच्या गिरणीवाल्या बाईंनी विचारलं, रिक्षा स्टँडवरच्या दोघातिघांनी विचारलं. मी सगळ्यांना सांगत होते, "नाही हो, हृदयाचं. दुकानात बसल्या बसल्याच." ऐकणारा जरा गोंधळायचा. त्या घरातलं माणूस पोटाशिवाय दुसऱ्या कशानं जाईल, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. जनाजा गेल्यावर समोरचे म्हातारे शिंदेकाका ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "सुटली बिचारी."

चांगल्या मनानंच म्हणाले ते. पण हाच शब्द आपांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत कसा वागवला होता, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

लग्न होऊन मी औशाहून आले ती आपांच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून. माझे यजमान भोसरीच्या एका कारखान्यात होते. खाली रस्त्याच्या बाजूला आपांचं सीट कव्हरचं दुकान, त्यामागं त्यांचं घर, आणि लोखंडी जिना चढून वर आम्ही. रिक्षांचे हूड, टेंपोच्या सीटा, मोटारसायकलींची कव्हरं, सगळं तिथं शिवून मिळायचं. दिवसभर मशीनचा खडखडाट आणि रेक्झिनचा वास वर यायचा. पहिल्या आठवड्यात माझं डोकं उठलं. पुढं पुढं सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असली की चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

दुकान मूळ आपांच्या वडिलांचं. ते ऐन उमेदीत पोटाच्या दुखण्यानं गेले. आपा थोरल्या, त्यांनी शाळा सोडली आणि वडिलांच्या मशीनवर बसल्या. पाठचा सलीम तेव्हा शाळेत जायचा आणि धाकटा जावेद नुकता पळायला शिकला होता. तो रुळांकडं पळू नये म्हणून आपा ओढणीचं एक टोक त्याच्या कमरेला आणि दुसरं मशीनच्या पायाला बांधून शिवत बसायच्या. हे त्या स्वतःच सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "मशीन चालली की ते पोरगं पण हलायचं. झोपायचं बघ छान."

लग्न केलं तेही दुकानातल्याच कारागिराशी, युसूफभाईंशी. निकाह झाल्यावर बायका सासरी जातात. इथं युसूफभाई कोपऱ्यातल्या मशीनवरून उठून आपांच्या शेजारच्या मशीनवर बसले, एवढाच काय तो फरक झाला. फार कमी बोलायचे. एक मुलगी झाली, शाहीन. ती पुढं लग्न होऊन सोलापूरला गेली.

आपा अंगानं चांगल्या उंच, हाडापेरानं मोठ्या. ओढणी कमरेला खोचलेली, आणि ओठांत कायम दोऱ्याचं एखादं टोक. त्या दोऱ्यामुळं त्यांचं निम्मं बोलणं दातांतून यायचं, तरी गल्लीला ते बरोबर कळायचं. भावांशी, नवऱ्याशी त्या त्यांच्या दख्खनीत बोलायच्या, माझ्याशी मराठीत, आणि चिडल्या की दोन्ही एकत्र व्हायचं.

एकदा एक रिक्षावाला तणतणत आला. नवीन सीट महिनाभरात फाटली म्हणून. आपांनी सीट पाहिली, त्याच्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "मागं फीर."

"आँ?"

"फीर म्हणते ना. मागच्या खिशात काय हाय ते काढ."

खिशातून एक स्क्रू ड्रायव्हर निघाला. लोक हसले. तोही हसला. आपा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सीट ठेवून घेतली, फाटल्या जागी आतून दुहेरी तुकडा लावून शिवून दिली आणि म्हणाल्या, "हत्यार पुढं ठेवत जा. नाहीतर उद्या तुलाच शिवायला आणतील माझ्याकडं."

माझे वडील औशाला वारले तेव्हा बातमी खालच्या फोनवर आली. मी जिन्याच्या पायरीवर मटकन बसले आणि रडायला लागले. आपांनी काखेत हात घालून मला उभं केलं. "रडायचं तर उभ्यानं रड. बसलं की लांबतं ते." मग त्या माझ्याबरोबर तशाच उभ्या राहिल्या. मी रडत होते आणि त्या एका हातानं मला धरून दुसऱ्या हातानं माझ्या पिशवीत गाडीसाठी चपात्या बांधून भरत होत्या. त्यांच्या हाताच्या अंगठ्याला सुई टोचून टोचून घट्टा पडला होता, तो माझ्या दंडाला लागत होता. अजून आठवतो.

सलीमभाईंचं दुखणं आधी मूळव्याध म्हणूनच चाललं होतं. ते चाकणला मालाचा टेंपो चालवायचे, लग्न केलं नव्हतं, आपांकडंच राहायचे. दिवसभर सीटवर, खाणं बाहेरचं, त्यामुळं रक्त पडायला लागलं तेव्हा त्यांनाही तेच वाटलं आणि ज्यांना सांगितलं त्यांनाही. कुणीतरी सुरणाचं चूर्ण दिलं, कुणी ताक प्यायला सांगितलं. आपांना त्यांनी सांगितलंच नाही. बहिणीला असलं कसं सांगायचं? चाळिशीतला दाढीवाला माणूस, दोन पायांवर उभं राहवेना तेव्हा गाडीच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला आणि दुसऱ्या ड्रायव्हरनं घरी आणून सोडला.

आतड्याचा कॅन्सर निघाला, पसरलेला. ऑपरेशन झालं, पोटाला पिशवी लागली. आपा ती पिशवी स्वतः बदलायच्या. सलीमभाई भिंतीकडं तोंड करून पडायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, "तुझा लंगोट कोण बदलत होतं? तेव्हा नाही लाजलास."

ते गेले. त्यानंतर आपांना एक खोड लागली. कुणालाही, कुठंही, त्या विचारायच्या, "संडासला साफ होते का? रक्त-बिक्त?" भाजीवाल्याला विचारलं. जुम्म्याच्या नमाजहून परतणाऱ्या मौलवींना विचारलं. माझ्या यजमानांना तर ते डबा घेऊन कामावर निघालेले असताना भर जिन्यात विचारलं. ते बिचारे लाल होऊन पळाले. लोक हसायचे, टाळायचे. आपा म्हणायच्या, "माझा भाऊ लाजेनं मेला. हसा."

सलीमभाईंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता, आणि त्यावरून त्यांना शंका आली होती की हे घराण्यातून आलेलं असावं. त्यांनी आपा आणि जावेदला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडं पाठवलं. सोबत म्हणून मी गेले, कारण युसूफभाई दवाखान्याच्या पायरीपाशीच घामाघूम व्हायचे.

डॉक्टरबाई तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आधी घरातलं कोण कोण कशानं गेलं ते विचारलं. आपांनी सांगितलं: वडील, वडिलांचे एक भाऊ, वडिलांची आई, सगळी पोटानं, आत्या गर्भाशयाच्या कॅन्सरनं. डॉक्टरबाई मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "शरीरात पेशी सारख्या नव्या तयार होत असतात. तयार होताना बारीक चुका होतात. त्या दुरुस्त करायची सोयही शरीरातच असते. तुमच्या घरात त्या दुरुस्तीचा जो जनुक आहे, म्हणजे जी सूचना आईबापाकडून मुलाला मिळते, त्यात बिघाड असावा. मग चुका साठत जातात आणि आतड्यात कॅन्सर लवकर धरतो. सलीमभाईंचं रक्तही त्यांच्या डॉक्टरांनी तेव्हा पाठवलं होतं. त्यात सापडलंय ते. एका ठिकाणी एक अक्षर बदललेलं आहे."

"एक अक्षर?" आपा म्हणाल्या.

"हो. अक्षरच म्हणायचं."

"एका अक्षरापायी माझा बाप गेला?"

जावेदनं विचारलं, "आम्हाला पण असेल?"

"निम्मी निम्मी शक्यता. प्रत्येकाची वेगळी. नाणं उडवल्यासारखं. आणि असलं म्हणजे कॅन्सर होणारच असंही नाही. पण धोका खूप. मात्र एक गोष्ट आपल्या हातात आहे. ज्यांना असेल त्यांनी दर वर्षा-दोन वर्षांनी दुर्बिणीनं आतडं तपासून घ्यायचं. कॅन्सर होण्याआधी आत मांसाचा छोटा मोड येतो. तो तिथल्या तिथं काढून टाकता येतो."

दोघांनी रक्त दिलं. जावेदला सुई बघवत नव्हती. आपांनी त्याचे डोळे हातानं झाकले. चाकणच्या कंपनीत काम करणारा, दोन पोरांचा बाप होता तो.

निकाल यायला काही आठवडे होते. त्या दिवसांत आपांनी आवराआवर केली. आपल्याला ते आहेच, याबद्दल त्यांच्या मनात तसूभर शंका नव्हती. त्या वडिलांसारख्या दिसायच्या. तसंच नाक, तशीच उंची, तसाच आवाज. "मी पुरी त्यांच्यावर गेलेय," असं म्हणून त्यांनी शाहीनला बोलावून कानातलं दिलं. मला त्यांचा पितळी खलबत्ता दिला. जावेदच्या बायकोला, रुखसानाला, बिर्याणीचं मोठं पातेलं. वडिलांची जुनी मशीन कोणी चालवायची ते युसूफभाईंना सांगून ठेवलं. हे सगळं दोरा दातांत धरून, काम करता करता. त्या खिन्न नव्हत्या. उलट मला वाटतं त्या दिवसांत त्या जरा हलक्या झाल्या होत्या. बाप आणि भाऊ ज्या वाटेनं गेले, त्याच वाटेला आपण लागलोय, एवढंच.

निकाल घ्यायला पुन्हा आम्ही तिघं. डॉक्टरबाईंनी आधी आपांचं सांगितलं. "नसीमबी, तुमच्यात तो बदल नाही. तुम्हाला धोका इतर कुणाही इतकाच. आणि तुमच्या मुलीलाही तुमच्याकडून हे मिळालेलं नाही."

आपा म्हणाल्या, "परत बघा."

"दोनदा बघितलंय."

"नाही, नाव बदललं असेल. परत बघा."

डॉक्टरबाईंनी मग जावेदकडं पाहिलं. काही सांगायच्या आधीच आम्हाला कळलं. जावेद हसला. कसंनुसं. "म्हणजे आमचं नाणं उलटं पडलं," तो म्हणाला.

आपा खुर्चीच्या काठावर पुढं सरकल्या. "मॅडम, माझं याला देता येतं का? रक्त देतात, किडनी देतात. तसं."

"नाही हो. तसं देता येत नाही."

घरी आल्यावर युसूफभाईंना मीच सांगितलं. ते मशीनवर डोकं ठेवून आनंदानं रडायला लागले. तीस वर्षांत त्यांचा एवढा मोठा आवाज गल्लीनं पहिल्यांदा ऐकला असेल. आपा त्यांच्यावर अशा ओरडल्या की समोरचे शिंदेकाका बाहेर आले. "चूप! जावेदच्या कानावर गेलं तर? चूप बसा!" मग आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. मी खलबत्ता परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "ठेव. दिलेलं परत घेऊन मी काय करू त्याचं."

पण त्या बसून राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. जावेदचा धोका हातात होता ना? मग तो हातात धरायचा. पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी त्या मोशीला जावेदच्या फ्लॅटवर जाऊन बसल्या. पोट साफ करायचं औषध तो अर्धं पिऊन बेसिनमध्ये ओतेल, अशी त्यांना खात्री होती. शेवटच्या ग्लासपर्यंत समोर बसून पाजलं. जावेद संडासातून ओरडायचा, "आपा, आता तरी घरी जा!" आणि आपा बाहेरून, "आधी साफ पाणी येऊ दे, मग जाते!" रुखसाना हसून हसून बेजार झाली. मला हे सांगताना आपाही हसल्या होत्या. त्यांना असं हसताना मी त्यानंतर पाहिल्याचं आठवत नाही.

दुर्बिणीत एक मोड सापडला. तिथल्या तिथं काढला. तपासला तर अजून कॅन्सर झालेला नव्हता. पण वाट तीच धरली होती. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात. पुढच्या वर्षी नक्की या.

आपांनी गल्लीत जिलेबी वाटली. कशाची, ते कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी जावेद गेला नाही.

कारणं सगळी खरी होती. कंपनीत तो कंत्राटावर होता. खाडा केला की सुपरवायझर विचारणार, कशाला, काय झालंय. आणि आजारी माणसाचं कंत्राट पुढं चालत नाही, हे त्यानं दोघातिघांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्यातच त्याच्या थोरल्या मुलीला, अफरीनला, भोसरीचं स्थळ आलं. चांगली माणसं, मुलगा शिकलेला. घरात असलं काही आहे हे कळलं असतं तर ते मागं सरले असते. सरले नसतेही कदाचित. पण तो धोका कोण घेणार? दवाखान्याच्या रांगेत भोसरीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, म्हणून त्यानं त्या बाजूला जायचंच सोडलं.

आपा म्हणाल्या, एक दिवस तर जायचंय. जावेद म्हणाला, लग्न होऊ दे. लग्न झालं. मग म्हणाला, जरा स्थिरस्थावर होऊ दे. मग शिफ्ट बदलली. मग रमजान आला. आपा दर रविवारी मोशीला जायच्या. रुखसानाला सांगून झालं, मौलवींकडून सांगवून झालं, डॉक्टरबाईंना फोन लावून जावेदच्या कानाला धरून झालं.

एका रविवारी त्या दोघांचं भांडण झालं तेव्हा मी तिथं होते. अफरीन माहेरी आली होती, तिला भेटायला आपांबरोबर गेले होते. अफरीन आणि रुखसाना खाली भाजीला गेल्या होत्या. जावेद जेवून पलंगावर आडवा झाला होता, सुट्टी होती. आपांनी विषय काढला. तो हो-हो म्हणत राहिला. आपांचा आवाज चढला.

"बापाला बघितलंस ना? तुला आठवत नसेल, तू लहान होतास. मी बघितलंय. सलीमला तर तूच खांदा दिलास. तरी तुझे डोळे उघडत नाहीत?"

जावेद उठून बसला. तो कधी आपांशी आवाज वर करून बोलायचा नाही. तेव्हाही केला नाही. शांतपणेच बोलला.

"आपा, तुला बोलायला सोपं आहे. तू सुटलीस. रोज सकाळी संडासात खाली वाकून बघायला काय वाटतं, ते तुला नाही कळायचं. दुर्बीण घालायची म्हणजे वर्षभर त्याच दिवसाची वाट बघायची. मला एक वर्ष विसरून राहू दे ना."

 

ओढणी सारखी करत आपा उठल्या, चपला घातल्या. बसमध्ये पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसल्या. नाशिक फाट्याजवळ फक्त एवढंच म्हणाल्या, "खरंच आहे ते. मला काय अधिकार?"

त्यानंतर त्यांनी जावेदला पुन्हा कधी सांगितलं नाही. मोशीला जायच्या, पोरांना खाऊ न्यायच्या, भावाच्या ताटात वाढायच्या. पण तो विषय नाही. गल्लीतल्या लोकांनाही विचारणं बंद झालं. भाजीवाला एकदा मला म्हणाला, "आपा हल्ली कायच विचारत न्हाईत. बरं हाय ना त्यांचं?" ज्या प्रश्नाला लोक वैतागले होते, तो बंद झाल्यावर गल्ली कशी मुकी झाली.

जावेदला पुढं वजन उतरून, जेवण जाईनासं होऊन दवाखान्यात न्यावंच लागलं. यकृतापर्यंत गेलं होतं. केमो घेतली, दुसरं एक नवं इंजेक्शनही दिलं. डॉक्टर म्हणाले होते की या प्रकारच्या कॅन्सरला ते कधी कधी चांगलं लागू पडतं. सुरुवातीला पडलंही. तो चार पावलं चालायला लागला, बाल्कनीत येऊन बसायला लागला. मग थांबलं.

आपांनी दुकान युसूफभाईंवर सोडलं आणि मोशीलाच जाऊन राहिल्या. मी भेटायला गेले तेव्हा जावेद उशाला टेकून बसला होता. अंगात हाडं तेवढी राहिली होती आणि ते नाक. आपा त्याच्या तळपायांना तेल लावत होत्या. तो म्हणाला, "आपा, तू सांगत होतीस."

"मी कधी काय सांगत होते?" आपा म्हणाल्या. "काही नाही सांगितलं मी."

"सांगायचीस. दर रविवारी."

"तुला चुकीचं आठवतंय. मी पोरांना भेटायला यायचे." आणि दुसरा पाय पुढं ओढून त्या त्याला तेल लावायला लागल्या.

जावेद गेला. बायका मय्यतीबरोबर जात नाहीत. आपा सोसायटीच्या फाटकापर्यंत आल्या आणि तिथं वॉचमनच्या केबिनला धरून उभ्या राहिल्या. जनाजा वळणाआड गेला तरी उभ्याच. मी जवळ गेले, म्हटलं, "आपा, बसा जरा." त्यांनी मान हलवली. डोळ्यांत एक टिपूस नव्हता.

राहिली जावेदची दोन पोरं. प्रत्येकाचं नाणं वेगळं.

चाळीस दिवस झाल्यावर आपांनी अफरीनला बोलावून घेतलं. तिला तोवर दिवस गेले होते. बापाला काय होतं हे तिला माहीत होतं. घराण्यातून येतं, हे नव्हतं. आपांनी सगळं नीट सांगितलं, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसं, घाई न करता. अफरीननं ऐकून घेतलं. मग आत्याला म्हणाली, "फुफी, मला बघायचं नाही. बघितलं आणि आहे निघालं, तर मी सासरी काय सांगू? आणि ह्याला," तिनं पोटावर हात ठेवला, "ह्याला काय सांगू?"

"बघितलं तर वाचशील, बेटा."

"अब्बांनी बघितलं होतं की."

आपांनी मला हे सांगितलं तेव्हा त्या दुकानात रिक्षाचा हूड शिवत होत्या. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" मशीनचं चाक हातानं थांबवून त्या म्हणाल्या, "काय म्हणणार? तिच्या जागी बसून तर मी बोलू शकत नाही. माझ्याकडं ती जागाच नाही ना." आणि परत मशीन सुरू केली.

अफरीनचा धाकटा भाऊ झैद तर ऐकायलाच तयार नव्हता. तो तेव्हा कॉलेज संपवून नोकरी शोधत होता. उंच, देखणा पोरगा. डॉक्टरबाईंचं नाव काढलं की उठून जायचा. रुखसाना म्हणायची, आपा, त्याचा बाप आत्ताच गेलाय, जरा थांबा. आपा थांबल्या. दुसरं काय करणार होत्या?

आम्ही तोवर रावेतला राहायला आलो होतो. आपांना हिंडत्या-फिरत्या मी शेवटचं पाहिलं ते तिथंच, त्या गेल्या त्याच्या थोडं आधी. माझे यजमान आता चाकणच्या एका कंपनीत बऱ्या हुद्द्यावर होते. त्यांच्याकडं झैदसाठी शब्द टाकायला म्हणून त्या त्याला घेऊन आल्या. दुपारची वेळ. पाठ जरा वाकली होती, केसांना मेंदी लावणं सोडलं होतं. ओठांत दोरा नव्हता. मी पोहे केले. झैदनं दोनदा घेतले, आपा त्याच्या ताटलीकडं बघत होत्या. तो हसून बोलला, यजमानांनी विचारलेल्याची नीट उत्तरं दिली. मग बाथरूम विचारून आत गेला.

आपा बोलता बोलता थांबल्या. माझं बोलणं चालूच होतं, शाहीनच्या मुलांचं काहीतरी. पण त्यांचं लक्ष बाथरूमच्या बंद दाराकडं होतं. आत पाणी वाजलं. पुन्हा वाजलं. झैद बाहेर आला तशा त्या हळूच म्हणाल्या, "ठीक आहे ना रे?"

त्याचा चेहरा एकदम बदलला. "फुफी, दुसऱ्याच्या घरात तरी..." तो म्हणाला आणि मोबाईल काढून गॅलरीत गेला.

मी आपांचा हात धरला. तो घट्टा अजून तसाच होता. म्हणाल्या, "रक्ताची चाचणी करत नाही. दुर्बीण तर दूरच. मग मी एवढंच करते मंगल. दुसरं मला काही येत नाही."

निघताना मी लिफ्टपर्यंत गेले. झैद पुढं होता. तो आत शिरून दार धरून उभा राहिला तर त्या म्हणाल्या, "तू हो पुढं, मी आलेच." तो गेल्यावर मी विचारलं, एकत्र का नाही गेलात? त्यांनी चपलेचा पट्टा सारखा केला.

"मी त्याच्या मागून चालते नेहमी. माणूस बारीक व्हायला लागला की तोंडावर उशिरा दिसतं. पाठीवर आधी कळतं. शर्ट सैल पडतो खांद्यात."

लिफ्ट परत वर आली आणि त्या गेल्या. मी गॅलरीत येऊन खाली पाहिलं. झैद फाटकाबाहेर पडून बस स्टॉपकडं चालला होता, कानाला मोबाईल, निळा शर्ट. त्याच्या बऱ्याच मागं आपा. तो भराभर चालत होता आणि त्यांना तेवढं चालवत नव्हतं, तरी रस्त्यावरच्या गाड्यांकडं न बघता, त्याच्या खांद्यांवरची नजर न काढता त्या चालत होत्या.